कोंडीरामनं निरंक लिहिलं नाही

कोंडीराम अठ्ठावीस वर्षं भोसरीत पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला होता. त्याच्या टेबलावरून गेलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला असं मला एकदाच आठवतं, आणि तेव्हाही चूक पॅकिंगवाल्याची निघाली. मी त्याच कंपनीत स्टोअरला क्लार्क. तो मला तुम्ही म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचो. स्टाफ आणि वर्करमध्ये तसंच चालायचं, आणि निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. पार्टमध्ये बारीक खोट निघाली, भोक जरासं सरकलेलं असलं, पण कामाला बाधा येत नसली, तर इन्स्पेक्टरनं ती खोट कागदावर लिहायची, इंजिनिअरनं खाली सही करायची आणि माल सोडायचा. त्या कागदाला डेव्हिएशन म्हणायचे. बाकीचे इन्स्पेक्टर एवढं कोण लिहीत बसतो म्हणून ओकेचा शिक्का मारून मोकळे व्हायचे. कोंडीराम लिहायचा. "खोट झाकली तर माल परत येतो, लिहिली तर माल जातो," हे त्याचं पालुपद होतं. ट्रेनी पोरं त्याची नक्कल करायची. मीही केली आहे.

ही पद्धत फक्त लोखंडाला लागू आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे मनातल्या मनात समजून चुकलेलो असतो, तो राहिला होता.

त्याला दोन मुलं. धाकटी नेहा शिकली, माणला आयटीत लागली, लग्न होऊन ताथवड्याला राहायला गेली. थोरला धम्मरत्न. तो लहान असताना शेजारपाजारचे मंद म्हणाले, गावाकडचे बाहेरचं म्हणाले, एका डॉक्टरनं मोठा झाला की बोलेल म्हणून घरी पाठवलं. तो बारा वर्षांचा झाल्यावर कुणीतरी पहिल्यांदा स्वमग्न हा शब्द उच्चारला. त्या दिवशी कोंडीराम शिफ्ट संपल्यावर स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "नाव तर कळलं, नवनाथराव." त्याच्या तोंडावर चक्क आनंद होता. मी चहा मागवला.

धम्मरत्न आता एकोणतीस वर्षांचा आहे. उंच, देखणा, आईच्या वळणावर गेलेला. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून त्या घरात कुकर नाही. गिरजाबाई जन्मभर पातेल्यात भात शिजवत आली. आवाज फार झाला की तो तळहातानं कान बडवतो आणि मोठ्यानं हुंकार देतो. पाच मिनिटांत शांत होतो. त्यानंतर कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दोन वर्षांपूर्वी गिरजाबाई गेली. कोंडीरामला साखर, वय सहासष्ट. आपल्यामागं या पोराचं काय, हा एकच प्रश्न त्याच्यापुढे उरला. नेहा म्हणाली, मी सांभाळीन. तो म्हणाला, "तुला भाऊ दिलाय, शिक्षा दिली न्हाई."

अशीच आणखी सात घरं त्याला भेटली होती. कुणी चाकणच्या कंपनीतला फोरमन, कुणी शाळेतली शिपाई, कुणी देहूतला किराणावाला. सगळ्यांची पोरं मोठी झालेली, सगळ्यांना एकच घोर. त्यांनी मिळून मोशीच्या पुढे सात गुंठ्यांचा प्लॉट घेतला. बेत असा होता: तळमजला आणि वर एक मजला, दहाजणांना राहायला खोल्या, दोन सांभाळणाऱ्या बाया, स्वयंपाकघर, अंगण. दवाखाना नाही, आश्रम नाही, साधं घर. आई-बाप जिवंत आहेत तोवर पोरांना तिथली सवय लावायची, म्हणजे पुढे मागे हाल होणार नाहीत. हा प्लॉट नेमका आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर निघाला. माझ्या गॅलरीतून तो पूर्ण दिसायचा. कोंडीरामला त्याचा केवढा आधार वाटला! "तुमी समोर हाय म्हनल्यावर मला घोर न्हाई," असं तो मला दोनदा म्हणाला.

जमीन निवासी विभागातली. पण आपल्या नियमांत दहा अनोळखी माणसं एका छताखाली राहिली तर ते घर होत नाही, संस्था होते, आणि संस्थेला वेगळी परवानगी लागते. अर्जाला एक परिशिष्ट होतं. त्यात एक रकाना: 'प्रस्तावित वापरामुळे शेजारील रहिवाशांस संभवणारा उपद्रव. असल्यास तपशील द्यावा, नसल्यास निरंक लिहावे.'

त्या रस्त्याला एक बार आहे, त्याच्या कागदावर निरंक लिहिलेलं असणार. पुढे एक मंगल कार्यालय आहे, लग्नसराईत त्याच्या डीजेनं आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्यांचंही निरंकच. आपल्याकडे हा शब्द लिहायला शिकलेला माणूस उपाशी मरत नाही.

नेहा अर्ज भरायला बसली होती. "बाबा, निरंक. एवढा एकच शब्द लिहायचाय."

"आनि उद्या सायेब बघाया आले, तवाच पोरगं वरडलं तर? समदाच अर्ज खोटा ठरंल."

"कुणी बघायला येत नाही हो."

"मंग रकाना कशापायी ठेवलाय?"

शेवटी त्यानं कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. तो कागद पुढे इतका गाजला, की मला तो पाठ आहे. 'माझा मुलगा दिवसातून एक-दोन वेळा मोठा आवाज करतो. कालावधी सरासरी चार मिनिटे. फटाके, डीजे, कुकर असल्यास जास्त. स्वतःच्या कानावर मारून घेतो. दुसऱ्यावर हात उगारल्याची नोंद : एकदा, सन २०१६. कारण : दाढी करताना सलूनवाल्याने मान घट्ट धरली. त्यानंतर दाढी घरी करतो. पुन्हा घडले नाही.'

बाकीच्या सात घरांचीही त्यानं अशीच माहिती विचारून लिहिली. खाली सही केली आणि इंजिनिअरच्या सहीला असते तशी जागा मोकळी सोडली.

प्लॉटवर पाटी लागली: हरकती व सूचना तीस दिवसांत. आमच्या सोसायटीत एरवी पाण्याच्या टँकरसाठी बोलावलेल्या मीटिंगला सहा माणसं येत नाहीत. त्या रविवारी क्लब हाउसमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. चेअरमन यशवंतराव माहितीच्या अधिकारात अर्जाची प्रत काढूनच आले होते. अर्जदारांत पहिलं नाव कोंडीरामचं. ते आडनावासकट वाचलं गेलं, तेव्हा मागून एकजण हळूच म्हणाला, "हे तर तिकडचे दिसतात." तिकडचे म्हणजे कुठले, असं कुणी विचारलं नाही. न विचारता सगळ्यांना कळलं, मलाही.

मग प्रत्येकानं आधी सहानुभूती व्यक्त केली. आमचा त्या मुलांना विरोध नाही, फक्त इथे नको. जागा शांत हवी त्यांना, इथे वर्दळ. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय. सहानुभूतीचं एक बरं असतं, तिला पार्किंग लागत नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या पोराला तो बारा वर्षांचा असल्यापासून मी ओळखतो, त्यानं माझ्या घरी पोळी खाल्ली आहे, एवढं उठून सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पंख्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सह्यांचा कागद दारावर आला. माझा मुलगा प्रज्वल आमचा फ्लॅट विकून मोठा घ्यायच्या खटपटीत होता. "अप्पा, समोर असलं काही झालं, तर गिऱ्हाईक फिरकणार नाही," तो म्हणाला. सून भाग्यश्रीनं कडेवरच्या नातीला नुसतं या हातावरून त्या हातावर घेतलं. मी चष्मा लावला आणि सही केली. माझा हात धरून कुणी ती करवली नाही, मला तशी सबब सांगायची नाही. अनुक्रमांक अठ्ठावन्न.

सुनावणीला मी गेलो. का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कोंडीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, शेजारी नेहा, मागे बाकीचे आई-बाप. यशवंतरावांनी तो कागद हातात धरला आणि त्यातली बाकीची वाक्यं गाळून एकच मोठ्यानं वाचलं: "दुसऱ्यावर हात उगारल्याची नोंद, एकदा, सन २०१६." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "हे आम्ही म्हणत नाही साहेब. बाप लिहून देतोय."

अधिकारी तरुण होता, वाईट वाटला नाही. त्यानं कोंडीरामकडे पाहिलं.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय, सायेब."

"अहो, कशाला लिहिलंत? निरंक लिहायचं ना. सगळे लिहितात."

"हाय ते लिवलं. कामाला त्याची बाधा न्हाई, म्हनून लिवलं." मग त्यानं अगदी मनापासून विचारलं, "सायेब, तुमच्याकडं डेव्हिएशनवर सही कोन करतं?"

हॉलमध्ये दोन-तीन माणसं हसली. अधिकाऱ्याला प्रश्न कळला नाही. त्या खोलीत तो कळणारा एकच माणूस होता, आणि तो हरकतदारांच्या बाकावर बसला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी शरम वाटली नाही, कोंडीरामचाच राग आला. इतकं भाबडं असू नये माणसानं. दुसऱ्याला पाप करायला इतकं सोपं करून देऊ नये.

बाहेर आल्यावर तो जिन्यात भेटला. त्याच्या हातात हरकतदारांची यादी होती.

"अठ्ठावन्न नंबर तुमचा न्हवं?"

"हो."

"बरं," म्हणाला, आणि नेहाच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरायला लागला. साखरेमुळे त्याला पायऱ्या नीट दिसत नाहीत.

महिन्याभरात पत्र आलं. 'शेजारील रहिवाशांची सुरक्षितता विचारात घेता सदर वापर निवासी विभागात अनुज्ञेय करता येत नाही. अर्जदारांनी औद्योगिक पट्ट्यालगत पर्यायी जागेचा विचार करावा.' म्हणजे ज्या पोराला कुकर सोसत नाही, त्याला दिवसभर धाडधाड आदळणाऱ्या पॉवर प्रेसच्या शेजारी ठेवा. पत्र लिहिणाऱ्यानं ते खोडसाळपणानं लिहिलं नसणार. तेवढाही विचार त्यामागे नव्हता.

आठ घरांचं त्यानंतर फाटलं. निरंक लिहिलं असतं तर आज घर उभं असतं, असं सातजण कोंडीरामच्या तोंडावर म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नाही. प्लॉट विकला गेला. आता तिथे क्रिकेटचं टर्फ आहे. जाळी, मोठे दिवे, संध्याकाळी पाचपासून आरडाओरडा. सोसायटीतल्या पोरांना तिथे सवलत आहे, म्हणून कुणाची हरकत नाही. आमचा फ्लॅट अजून विकलेला नाही.

या वर्षी थंडी सरता सरता कोंडीराम मला त्याच्या घराजवळच्या बसथांब्यावर दिसायला लागला. सकाळी दहाला बघावं तर बाकावर बसलेला, एकला बघावं तरी तिथेच. एकामागून एक बस जायच्या, तो कुठल्याच बसमध्ये चढायचा नाही. चार-पाच दिवस मी रस्त्याच्या पलीकडून गेलो. एक दिवस मला त्याच थांब्यावरून पिंपरीला जायचं होतं, टाळता आलं नाही. शेजारी बसलो.

"रोज इथे काय करतोस रे?"

"काय न्हाई. पोराला सवय लावतोय."

"कसली?"

"मी नसल्याची."

मला आधी कळलंच नाही. मग तो सांगत गेला, इन्स्पेक्शनचा रिपोर्ट द्यावा तशा आवाजात. सुरुवात अर्ध्या तासानं केली. पहिले काही दिवस पोरगं दाराला कान लावून उभं राहायचं, शेजारीण सांगायची. मग एक तास, मग दोन. आता तीन तासांवर आलं आहे. दाराशी उभं राहणं थांबलंय. ताट झाकून ठेवलं तर बारा वाजता आपलं आपण जेवतो.

"येकच अडलंय. पानी घेत न्हाई. आई द्यायची, मंग मी द्याया लागलो. तांब्या समोर ठेवला तरी नुसता बघत बसतो. हातात दिलं तरच पितो." त्यानं घड्याळ पाहिलं. "उन्हाळ्याच्या आत जमाया पायजे."

मी म्हणालो, "कोंडीराम, मी जात जाऊ का? पाच मिनिटांचं काम आहे. मी देईन पाणी."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं.

"तुमी दिलं तर पिईल की. तुमाला वळखतो त्यो," तो म्हणाला. "म्हनून तर नको, नवनाथराव. मंग त्यो रोज तुमची वाट बगंल."

रोज येईन, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी मान वळवून बस कुठवर आली ते बघायला लागलो.