ओढ्यातलं रिकामं कवच

शेजारची सून खलबत्त्यात खेकड्याच्या नांग्या कुटत होती. तो ओल्या चिखलाचा वास खिडकीतून आला आणि मी एकदम नऊ वर्षांची झाले.

आमचं गाव मावळात, लोणावळ्यापासून दोन कोसांवर. पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईचे दिवस होते. सकाळीच बा म्हणाला, "पोरी, वढ्यावनं चार खेकडं आन. लय दिस झालं, रस्सा खाल्ला न्हाई."

मी ओढ्यातले दगड उलटत राहिले. चार खेकडे मिळाले. पाचवा उचलला, तर कागदासारखा हलका. आत काही नव्हतंच. डोळ्यांसकट, नांग्यांसकट नुसतं कवच टाकून तो निघून गेला होता. बाला दाखवायचं म्हणून ते मी ओंजळीत जपून घरी आणलं.

"बा कुटं हाय?"

आई चुलीपाशी बसून होती. "पलटणीत गेला. टेसनावर पोचला बी आसंल."

बा परत आला नाही.

मी पाय धरून रडले असते, म्हणूनच त्यानं मला ओढ्यावर धाडलं, हे आता कळतं. तरी वाटतं, एकदा 'येतो' म्हणायला हवं होतं त्यानं.