चड्ड्या पुरणाऱ्या गायकवाडबाई

"सुती हव्यात, पांढऱ्या. माप कुठलंही चालेल," गायकवाडबाईंनी मंडईजवळच्या दुकानदाराला सांगितलं.

"अहो, पण घालायच्या कोणाला आहेत?"

"कोणालाच नाही. पुरायच्या आहेत."

त्याने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुरलेला माल परत घेत नाही," म्हणाला आणि गठ्ठा बांधला.

बाई आमच्या कृषी संशोधन केंद्रात मृदाशास्त्रज्ञ. मी त्यांची नवी सहायक. मातीतले जिवाणू सुती कापड खातात. माती जिवंत असेल तर दोनेक महिन्यांत चड्डीचं नुसतं इलॅस्टिक उरतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्या होत्याच, पण बाई म्हणत, "आकडे शेतकऱ्याला पाठ होतात, पटत नाहीत. चड्डी पटते."

केंद्रात तेव्हा ड्रोनचं वारं होतं. बाईंचा विरोध नव्हता. "वरून बघा की! पण कधीतरी खाली उतरा." त्यांच्या लाडक्या तुकड्यात कित्येक वर्षं ना नांगर फिरला होता, ना रासायनिक खत पडलं होतं. तो तुकडा आता ड्रोन उतरवायला द्यायचा का, हे आढावा बैठकीत ठरणार होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही दोन तुकड्यांत पुरलेल्या चड्ड्या खणून काढल्या. शेजारच्या नांगरलेल्या, खतावर पोसलेल्या तुकड्यातल्या चड्डीची चाळण झाली होती. बाईंच्या तुकड्यातली मात्र अख्खी निघाली. धुऊन वापरावी अशी.

"मॅडम, ही नको दाखवायला," मी हळूच म्हटलं.

बाई खाली बसल्या. हातातलं ढेकूळ दाबत राहिल्या, ते फुटेना. "नांगर थांबवला, पण माती उघडीच ठेवली. उन्हाने वीट झाली बघ तिची. चूक माझी."

दुसऱ्या दिवशी दोन्ही चड्ड्या बैठकीच्या टेबलावर! अध्यक्षांनी आपला चहा लांब सरकवला. "बाई, हे दाखवलं नसतंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं. पण त्याला जाहिरात म्हणतात."

अध्यक्षांना हसू आवरेना. तुकड्याला आणखी एक हंगाम मिळाला. बाईंनी ताग पेरला, कापून तिथेच अंथरला, वर उसाचं पाचट पसरलं आणि नवी चड्डी पुरली. निकाल येण्याआधीच त्या निवृत्त होऊन खराडीला लेकीकडे राहायला गेल्या.

पुढे खणलं तेव्हा हाताला लागलं ते नुसतं इलॅस्टिक. मातीच्या हातांनीच मी फोन लावला. "मॅडम, जिंकलो!"

बाई म्हणाल्या, "छान. आता पुन्हा कर. एकदा काय, मटकाही लागतो."