गिरणीतल्या गाण्याचा पुरावा

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. मुरबाडच्या बंद भातगिरणीत चार पोरं आमच्या बोलीत रॅप करायची. ऑनलाइन विश्वकोशात मी हौसेनं लिहितो, तिथं त्यांच्यावर लेख टाकला. जुन्या संपादकांनी कळवलं, महिन्याभरात वर्तमानपत्रातला पुरावा द्या, नाहीतर लेख काढू. पोरांना म्हटलं, पेपरवाल्याशी बोला. त्यांच्यातला थोरला हसला, "पेपरात यायला आमी काय मेलो रे?"

नियम हलत नव्हता, पोरं ऐकत नव्हती आणि मधे मी अडकलो. रोज शहापूरच्या वाचनालयात पेपर चाळायचो. मुदतीच्या आदल्या दिवशी आतल्या पानावर लेख वाचवणारा पुरावा सापडला. बातमी होती: गिरणी पाडली, तिथं गाणाऱ्या पोरांचा गट मोडला.