मी बोलायचे, आई लिहायची

पाचव्या वर्षी मला मोठा ताप आला आणि उतरताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. आमचं घर कालावलच्या खाडीतल्या एका बेटावर, शाळा पलीकडच्या काठावर. ओहोटीला होडीपर्यंत चिखल तुडवत जावं लागे आणि ते मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून वडिलांनी ठरवलं, हिला घरीच शिकवायची. ते स्वतः कसालजवळच्या एका शाळेत मास्तर होते. आठवडाभर तिकडेच राहत, शनिवारी संध्याकाळी घरी येत. मधले सगळे दिवस आईच्या वाट्याला आले. आई चौथी शिकलेली.

माझी शाळा पडवीत भरे. भरतीच्या वेळी पाण्यावरचं ऊन उलटून वाशांवर पडायचं आणि सगळं छप्पर हलकेच हलू लागायचं. मी उताणी पडून ते बघत राही. अजूनही लहानपण आठवायचं म्हटलं की आधी तो उजेड येतो, माणसं मागाहून येतात.

वडील बोरूने कागदावर एक ओळ घालून जात, मी तिच्याखाली तशाच ओळी गिरवायच्या. कागद त्यांच्या शाळेतले, एका बाजूने वापरलेले. माझं अक्षर लवकर वळणावर आलं. मग एका सोमवारी ते म्हणाले, आता मनाने चार ओळी लिहून ठेव, आपल्या गाईवर.

आठवडाभर मी गाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघे, रवंथ करी. ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे’ एवढं लिहून मी थांबले. पुढे काहीच येईना. मला वाटे, माणसं रोज इकडेतिकडे जातात आणि येताना शब्द घेऊन येतात. मी कुठे जातच नाही, तर ते येणार कुठून?

शनिवारी वडिलांनी कागद बघितला. रागावले नाहीत. आईला मात्र हळू आवाजात म्हणाले की हिला मालवणात नातेवाइकांकडे ठेवायला हवं, घरी जमेलसं दिसत नाही. पुढचे दोन दिवस आई मला शिकवायला बसली की तिचाच आवाज बारीक होई. आपल्या चौथीपायी पोरीचं नुकसान होतंय असं तिला वाटत होतं, हे ती फार पुढे मला म्हणाली.

त्यानंतरच्या एका दुपारी ती अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होती. समोर खाडीत शेजाऱ्यांचं जाळं लावलेलं होतं. तिथे एक ऊद आला, म्हणजे पाणमांजर. त्याने जाळ्यातला मासा ओढून काढला, खडकावर बसून निवांत खाल्ला आणि गेला. मी ओरडून आईला सगळं सांगितलं. ती हात पुसत पडवीत आली, माझ्यासमोरचा कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, “परत सांग. मी लिवतंय.”

मी सांगत गेले, ती हळूहळू लिहीत गेली. मी थांबले की एवढंच विचारी, “मगे?” की मला पुढचं आठवे. लिहून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे फिरवला. ‘ऊद इलो. तेणा जाळ्यातलो मासो घेतल्यान. मगे माझ्याकडे बघल्यान.’ मी वाचलं, परत वाचलं. माझंच बोलणं कागदावर बसून माझ्याकडे बघत होतं.

मग रोज दुपारी तेच सुरू झालं. घारीचं, खेकड्यांचं, होडीतून उतरणाऱ्या माणसांचं. मध्येच ती बोरू खाली ठेवी. “माझो हात दुखता. आता तू लिव.” पहिल्यांदा मी एक ओळ लिहिली. मग दोन. काही आठवड्यांनी तिचा हात पहिल्या ओळीलाच दुखू लागला.

ते कागद तिने एका शनिवारी वडिलांपुढे ठेवले. त्यांचा हात सवयीने तांबड्या पेन्सिलीकडे गेला. ‘मासो’ नव्हे, ‘मासा’. आई त्यांच्या शिकवण्यात कधी पडत नसे. त्या दिवशी म्हणाली, “आज रेघ मारू नकात. आधी आयका.”

मी वाचलं. वडील ऐकताना खाडीकडे बघत होते. शाळेच्या कामात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, त्या संध्याकाळी मला म्हणाले, “मगे खंय गेलो तो?” मला माहीत नव्हतं. म्हणाले, “तर तां बघ आणि लिव.” पेन्सिल त्यांनी वापरली नाही. पुढे दोघांनी मिळून ठरवलं: आधी आपल्या बोलीत लिहायचं आणि लिहिलेलं चार दिवस मुरलं की मीच त्याची पुस्तकी मराठी करायची.

दहाव्या वर्षापर्यंत पाय थोडा सुधारला. मालवणात नातेवाइकांकडे राहून, काठीच्या आधाराने मी तिथल्या शाळेत जाऊ लागले, परीक्षा देऊन थेट पाचवीत. पहिला निबंध लिहिताना हात अडला नाही. पुढे मीही शिकवू लागले. मुलांना घरी शिकवणारे आईबाप कधी कधी येऊन बसतात, आम्हाला नीट येत नाही म्हणतात. मी त्यांना सांगते, लेकराचं बोलणं पुरं ऐका आणि थोडे दिवस त्याचा हात व्हा. चुका सुधारायला आयुष्य आहे.

मालवणच्या त्या शाळेच्या पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा दुपारची वेळ होती. भरती होती, वासे हलत होते. आई पडवीत एकटीच बसून लिहीत होती. मी जवळ गेले तर तिच्या माहेरच्या विहिरीचं काहीतरी होतं, तिथे उतरलेल्या बगळ्यांचं. शेजारी असे बरेच कागद दगडाखाली ठेवलेले. मी वाचायला वाकले तशी तिने पानावर हात ठेवला.

“अजून लिवून पुरा जावक नाय,” ती म्हणाली आणि परत लिहू लागली.