छाटेची टोपली

कारखान्याच्या मुन्शीनं करंगळी माझ्या पोरीच्या तोंडात घातली.

करंगळीला अफीम होती. आठ महिन्यांची पोर. भुकेली होती, तिनं ते बोट चोखलं. मांडीवरचं सूप खाली ठेवून मी उठेपर्यंत सगळं होऊन गेलं. मुन्शी दारापाशी गेला, रांजणातलं पाणी घेतलं आणि बोट चोळून चोळून धुतलं.

"आता कशी निजते पाय," म्हणाला. "आता कायले पायजे तुले चिठ्ठी?"

बाया हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. मुन्शीनं विनोद केला की हसायचं, अशी तिथली रीत.

आम्हा महारवाड्यातल्या बायांना हा माणूस पाणी वरून ओतायचा. आमच्या ओंजळीला भांडं लागू नये म्हणून हात उंच धरायचा. आणि माझ्या लेकराच्या तोंडात बोट घालताना मात्र त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, लाळेचं.

मी पुन्हा बसले. सूप मांडीवर घेतलं. खोटं कशाला सांगू, मी बसले. आणि बिडी वळायला लागले.

गोंदियातला तो बिडीचा कारखाना म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांबलचक पडवी. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही ओळीनं बसायचो, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. वाऱ्यानं तंबाखू उडते म्हणून खिडक्या बंद. ती बारीक धूळ दिवसभर तशीच तरंगत राहायची. डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. पोरीला होईना. ती माझ्या बाजूला गोणपाटावर निजायची आणि खोकायची. खोकता खोकता निळी पडायची. माझं पहिलं पोर असंच खोकत गेलं, त्याच पडवीत, त्याच जागेवर. दुसरी वेळ मला झेपली नसती.

म्हणून मला काम सोडायचं होतं. मजुरीसाठी नाही, भांडणासाठी नाही. नागरा गावाच्या वाटेवर दुसऱ्या शेठचा कारखाना होता. तिथं पानं आणि तंबाखू घरी द्यायचे. अंगणात बसून वळायचं आणि माल नेऊन द्यायचा. माझं अंगण होतं, अंगणात हवा होती. पोर तिथं जगली असती.

पण शेठलोकांचं आपसात ठरलेलं. एकाची बाई दुसऱ्यानं घ्यायची नाही. घ्यायचीच तर आधीच्या मुन्शीची चिठ्ठी पाहिजे, या बाईला सोडलं म्हणून. चिठ्ठी नाही तर कुठंच काम नाही. तळहाताएवढा कागद, आणि त्यात माझी पोर अडकलेली.

मी चिठ्ठी मागितली त्या दिवसापासून माझा माल छाटायला सुरुवात झाली.

संध्याकाळी मुन्शी प्रत्येकीच्या बिड्यांच्या जुड्या सोडून बघायचा. बिडी वाकडी, सैल, पान फाटकं, तर ती छाट. छाट टोपलीत जायची. तिची मजुरी नाही आणि ती परतही मिळायची नाही. आधी माझ्या जुडीतून एखादी जायची. चिठ्ठी मागितल्यावर मूठ मूठ जायला लागली.

मी काय करावं? मी आणखी नीट वळायला लागले. पान निवडून घ्यायची, दोरा मोजून गुंडाळायची. वाटलं, माल बिनखोट दिला तर मुन्शी खूश होईल आणि सोडेल. किती मूर्ख मी! भीतीनं माझा हात सुधारत गेला आणि हात सुधारला तसं मला सोडणं त्यांना परवडेना. पळून जायच्या वाटेवर मी स्वतःच काटे घालत होते.

छाट कुठं जाते तेही मला माहीत झालं होतं. एकदा पोरीचं लुगड्याचं फडकं धुवायला मागच्या अंगाला गेले. तिथल्या एका खोलीचं दार उघडं होतं. टोपली तिथं रिकामी होत होती आणि दोघं जण त्याच बिड्यांवर शेठचं लेबल लावत होते. माझी बिडी मी ढिगात ओळखते. माझ्या अंगठ्याचं नख फुटकं आहे, बिडीचं तोंड दाबताना त्याची रेघ उमटते. तीच रेघ, ओळीनं.

पाहिलं आणि गप्प बसले. बोलले तर हाकलतील. हाकलतील आणि चिठ्ठी देणार नाहीत. मग इथंही नाही, तिथंही नाही.

तर मुन्शीनं अफीम चाटवली त्या दिवशी पोर निजली ती उठेना.

सकाळ गेली. माझी छाती दुधानं भरून आली, चोळी भिजली. मी तिच्या ओठांना थान लावलं, ओठ हलेनात. डोळ्याची पापणी उचलली, आत पांढरं दिसलं.

"मुन्शीजी, पोरगी उठून नाई राहिली."

"झोपून राहिली तं झोपू दे ना. काम कर."

परवानगीशिवाय जागेवरून उठायचं नाही, असा कायदा होता. माझ्या बाजूला भागरता बसायची. वयानं मोठी, दोन लेकरांना त्याच पडवीत अफीम चाटवून वाढवलेली. ती खाली मान घालून म्हणाली, "गप बस वं. हात चालव. उठशीन तं कामावरून काढन तो."

मी हात चालवला. एक बिडी वळायची, मग हात पोरीच्या छातीवर ठेवायचा. हलते का बघायचं. पुन्हा एक बिडी, पुन्हा हात. मधे एकदा छाती हललेली कळलीच नाही. मी माझा श्वास रोखला. सगळी पडवी कानात घूं घूं करायला लागली. मग हलली. अशी भीती मी जन्मात कधी भोगली नव्हती. आणि एवढी भीती वाटूनही मी उठले नाही. मुन्शीची भीती पोरीच्या मरणाच्या भीतीवर बसली होती. त्या दुपारी हे मला पहिल्यांदा कळलं आणि मला माझी किळस आली.

उन्हं उतरता उतरता पोरीला ओकारी झाली. तिनं डोळे उघडले. नजर ठरत नव्हती, पण उघडले. मी तिला छातीशी धरलं आणि तेवढ्यात मुन्शी टोपली घेऊन माझ्यापुढं आला. त्यानं माझी जुडी सोडली.

"छाट."

आणखी एक. "छाट."

मग मूठभर उचलल्या, बघितल्याही नाहीत. "पाह्यलं का बायांनो? हा चिठ्ठी मांगनारीचा हात. अशा हाताले कोन ठेवन? आमीच ठेवतो."

पुन्हा हसल्या बाया.

मी एका हातानं पोर धरलेली. दुसरा हात टोपलीत घातला. माझ्याच मूठभर बिड्या काढल्या आणि कडकन मोडल्या. तंबाखू जमिनीवर सांडली. पुन्हा हात घातला, पुन्हा मोडल्या.

"अवं मोडू नोको!" मुन्शी ओरडला. खाली बसून बिड्या गोळा करायला लागला. "मोडू नोको, माल हाये तो!"

सगळ्यांनी ऐकलं. मुन्शीलाही स्वतःचं ऐकू आलं असावं, कारण तो गोळा करता करता थांबला.

"तुमीच म्हनले ना छाट हाये?" मी पोर घट्ट धरून म्हणाले. "छाट म्हंजे कचरा. मी कचरा मोडून राहिली."

गलका ऐकून शेठ बाहेर आला. पांढरंशुभ्र धोतर, गोड आवाज. सांडलेल्या तंबाखूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसला.

"अरे बाई, तू तो घर की है. खिडकी के पास बैठ जा. खिडकी खुलवा देता हूँ. बच्ची के लिए झूला लगवा देता हूँ. और क्या चाहिए?"

मन डळमळलं. उघडी खिडकी, झुला, पोर मोकळ्या हवेत. मी हो म्हणणारच होते. मग डोक्यात आलं, पोर खोकते हे याला माहीत होतं. माझं पहिलं पोर गेलं तेव्हाही खिडकी याच भिंतीला होती. कडी काढायला त्याला आज माझ्या मोडक्या बिड्या लागल्या.

"झुला नोको," मी म्हणाले. "चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी नहीं मिलेगी," तो म्हणाला. आवाज तसाच गोड.

मी दाराकडं वळले. मागं काहीतरी कडकन मोडलं. भागरता टोपलीवर वाकली होती. तिनं एकच बिडी मोडली होती. ती कोणाकडं बघत नव्हती.

घरी नवरा टेसनावरून हमाली करून आला. त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आता काय वं? उद्या कुठं जाशीन?"

"तिथंच."

"हाकलन ना तो."

"हाकलू दे. काऊन हाकलली ते सांगा लागन त्याले. कचरा मोडला म्हनून कोनी बाईले हाकलत नाई."

भीती गेली नाही. ती रात्रभर माझ्या शेजारी होती, सकाळी माझ्याबरोबर कारखान्यात येणार होती. येऊ दे. पोरीला आता मी पडवीच्या आत नेणार नाही. दाराबाहेर सावलीत ठेवीन, आणि ती रडली की उठेन. विचारणार नाही. मुन्शी ज्या बिडीला छाट म्हणेल ती त्याच्यासमोर मोडीन. चिठ्ठी देईल त्या दिवसापर्यंत रोज मोडीन, आणि चिठ्ठी घेऊन जिथं जाईन तिथंही कोणी छाट म्हटलं तर मोडीन. नाहीतर त्यानं सगळ्या बायांसमोर म्हणावं की माझी बिडी चांगली आहे.