गाडी किती तास चालली?

मंगळवारी बाबा गोंदिया स्टेशनच्या पुलावर मधल्याच पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता मी येत नाही."

मला वाटलं, दम खायला बसले असतील. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी त्यांना आमगावहून गोंदियाला डायलिसिसला न्यायची. चार तास मशीनला लागून माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो, आणि त्यानंतर हा पूल चढायचा, उतरायचा, पॅसेंजरची वाट पाहायची. आमची पॅसेंजर म्हणजे पाहुण्यांच्या घरची सून. सगळ्या मालगाड्यांचं झालं की मग तिची पाळी. "उठा बाबा, गाडी लागेल," मी म्हटलं.

"आजची पकडतो," ते म्हणाले. "पन सुक्करवारी येत नाही. मले नाही जमत आता."

आणि शुक्रवारी खरंच आले नाहीत. मी आधी चिडले, मग समजावलं, मग पुन्हा चिडले. माझा स्वभाव तसा तिखटच आहे, दुकानावर येणारी गिऱ्हाइकंसुद्धा मला सांभाळून बोलतात. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिले. शेवटी दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाली, "ताई, एक पाळी चुकली, ठीक आहे. मंगळवारी नाही आले तर जागा पुढच्या पेशंटला द्यावी लागेल. आणि जागेचं सोडा हो, लागोपाठ दोन चुकल्या तर त्यांच्या जिवाचं मी काही सांगू शकत नाही."

म्हणजे माझ्या हातात शनिवार, रविवार, सोमवार.

गाडी घ्यायची हे महिनाभरापासून डोक्यात होतं. मी सत्तेचाळीस वर्षांची, आमगावात झेरॉक्स काढून आणि लोकांचे फॉर्म भरून पोट भरते. गाडी चालवायला याच वर्षी शिकले, ती यासाठीच. भाड्याची गाडी दोनदा करून पाहिली होती. ड्रायव्हर चार तास थांबायला तयार नाही, आणि बाबा वाटभर "याचे किती झाले वं?" विचारून जीव नकोसा करत. नवी गाडी आपल्या आवाक्यातली नाही. राहिली जुनी. त्यावर पुण्याला असलेल्या भावाने फोनवरून एकच मंत्र दिला होता: "किलोमीटर बघ. चाळीस हजारांच्या आत असेल तर घे. लाखाच्या वर असेल तर हात लावू नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, पण मला तरी दुसरं काय कळत होतं? मीही प्रत्येकाला तेवढंच विचारत होते.

शनिवारी गोंदियातली एक गाडी पाहायची होती. ओळखीचा गॅरेजवाला मिस्त्री आपली गाडी घेऊन दारात आला, आणि मी बाहेर येऊन पाहते तर बाबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे.

"तुम्ही कुठं?"

"गाडी पाहाले."

"दवाखान्यात यायला जमत नाही, आणि गाडी पाहायला जमते?"

"गाडी पाहाले सुई टोचत नाहीत," बाबा म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा अर्धाच बसत होता. मला राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. चार दिवसांत पहिल्यांदा ते आपणहून उठले होते.

गाडी एका तांदळाच्या व्यापाऱ्याची होती. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची, सात वर्षांची. काय सांगू, नवरीसारखी चकचकीत. मीटरवर एकतीस हजार. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मिस्त्री मात्र संशयी माणूस. "मीटर मागं फिरवता येते ताई," तो माझ्या कानात म्हणाला आणि खाली वाकून ब्रेकचं पेडल पाहू लागला. गाडी खूप चालली असेल तर पेडलचं रबर झिजून गुळगुळीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. इथं रबरावरच्या रेघा जशाच्या तशा. स्टेअरिंगचं कव्हर नवं. मागच्या सीटवर तर अजून कंपनीचं प्लास्टिक. मिस्त्रीने मान हलवली. "मीटर खरं आहे."

व्यापारी प्रसन्न माणूस होता. "घर की गाडी है दीदी. घर से मिल, मिल से घर. बस."

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "तास किती झाले जी?"

व्यापाऱ्याला कळलं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, "गाडी किती तास चालली?"

मिस्त्री खो खो हसला. व्यापारीही हसला. "बाबूजी, ये ट्रॅक्टर थोडी है." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, स्वतःच्या धानात आणि लोकांच्याही. ट्रॅक्टरचं वय तासांत मोजतात, त्याच्या मीटरवर तासच असतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण कारला तास? मी म्हटलं, "बाबा, चूप बसा ना जरा. इथं किलोमीटर असतात."

"असतात ना," बाबा म्हणाले. "चिखलनीच्या टायमाले टॅक्टर दिवसभर धानाच्या एकाच बांधीत फिरते. गावाच्या बाहेर नाही जात. मरनीले तं जागेवर उभा राहून थ्रेसर चालवते, एक पाऊल नाही सरकत. मंग का त्याचं इंजिन चाललं नाही म्हनाचं?"

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग मला म्हणाले, "तू बस." मी बसले, आणि खोल गेले. सीटचा फोम पार दबलेला. एकतीस हजार किलोमीटरच्या गाडीत इतका? पाठ टेकायचा भाग मागे कलंडलेला, झोपायच्या खुर्चीसारखा. एसीच्या बटणावरचे आकडे बोटांनी पुसून गेले होते. पेडल म्हणत होतं, इथं कोणी पाय दिलेला नाही. सीट म्हणत होती, इथून कोणी उठलेलंच नाही.

मला धड हसूही येईना, धड रागावताही येईना, पण उत्सुकता मात्र भयंकर लागली. झेरॉक्सच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे कागद पाहून मला ही खोड लागली आहे. दोन कागदांवर दोन जन्मतारखा दिसल्या की मी सोडत नाही. मीटर खरं आणि सीटही खरी, हे कसं? मी सरळ विचारलं, "भैया, आप इस गाडी में बैठ के करते क्या हो?"

तो जराही दचकला नाही. म्हणाला, मिलमध्ये कोंड्याची धूळ उडते, त्याला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी धुळीत बसायला मनाई केली आहे. म्हणून सकाळी मिलच्या फाटकात गाडी लावायची, काचा चढवायच्या, एसी लावायचा आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आतच. फोन आत, गिऱ्हाईक आत, चहाही आत. "यही मेरा ऑफिस है," तो कौतुकाने म्हणाला.

"इंजिन चालू?" मिस्त्रीने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"बंद करूँगा तो एसी कैसे चलेगा?"

बाबा बोटांवर हिशेब करत होते. "रोजचे पाच तास धर. सालाचे दीड हजार. सात साल." मग व्यापाऱ्याकडे पाहून अगदी सरळ सांगितलं, "येवढ्यात माह्या टॅक्टरचं इंजिन दोनदा खोललं असतं जी."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारला. आत डांबरासारखा गाळ. गाडी पंधरा मिनिटं तशीच उभी चालू ठेवली आणि मग एकदम रेस दिली, तर मागून निळा धूर आला, इंजिन झिजल्याची खूण. मी व्यापाऱ्यावर उखडले, "सांगायचं नाही का आधी?" मराठीतच उखडले, राग आला की मला हिंदी येत नाही. तो बिचारा खरंच गोंधळला. "दीदी, आपने किलोमीटर पूछा, मैंने किलोमीटर बताया." यावर काय बोलणार? खोटं कोणीच बोललं नव्हतं. त्याने आम्हाला चहा पाजला आणि बाबांना दोनदा नमस्कार केला.

परतताना मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, वीस सालात मले हे सुचलं नाही." मी त्यांना सगळ्यांसमोर चूप बसा म्हटलं होतं, ते मला आमगाव येईपर्यंत टोचत राहिलं.

रविवारी दुसरी गाडी पाहायला सडक अर्जुनी गावी जायचं होतं. बाबांना रात्रभर धाप लागत होती. मी म्हटलं, तुम्ही राहा घरी. ऐकतील तर शपथ. तिथली गाडी हायवेच्या कडेला एका घरासमोर उभी होती. गुराढोरांची औषधं विकणारा माणूस, आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरला जाऊन येणारा. मीटरवर एक लाख बेचाळीस हजार. गाडीचा एक दरवाजा दुसऱ्याच रंगाचा. सीटा फाटलेल्या, आत औषधांचा उग्र वास, क्लचचं रबर झिजून साबणासारखं. मी मिस्त्रीला म्हटलं, "चला परत. हे काय दाखवायला आणलं?"

बाबा तोवर बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. "थंडी आहे," ते म्हणाले. म्हणजे आम्हाला दाखवायला मालकाने आधीच गरम करून ठेवलेली नव्हती. "आता चालू कर बाबू." गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली. बाबांनी हात तिथंच ठेवला. मग त्यांनी आपला प्रश्न विचारला, आणि यावेळी कोणी हसलं नाही.

मालकाने विचार केला. "तास तं मोजले नाही जी. पन सकारी निघतो, दोन-सव्वादोन तासात नागपूर. पोचलो का बंद. उभी ठेवून कायले चालवू? पेट्रोल का फुकट येते?" आणि विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, "त्या दरवाज्यात रानडुक्कर धडकलं. दरवाजा बदलला, रंग नाही जुळला." बाबांनी बोटांवर मोजलं, "तीन हजार तासही नाही झाले."

मी गाडी हायवेवर काढली. बाबा शेजारी बसले आणि डोळे मिटून घेतले. मी वेग कमी केला. "बाबा, काय होते? दम लागला का?"

"चूप बस," ते म्हणाले. "आवाज आयकून राहिलो."

परत आल्यावर मिस्त्रीने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. ऑइल साफ होतं, धूर नव्हता. पण "एक लाख बेचाळीस" हे शब्द माझ्या घशाखाली उतरेनात. डायलिसिस झालेल्या बाबांना घेऊन जाताना ही वाटेत बंद पडली तर मी काय करू? भावाला फोन लावला. तो म्हणाला, "वेडी झालीस का? काल एकतीस हजारवाली सोडलीस आणि आज हे भंगार घेतेस? बाबांचं काय ऐकतेस तू, त्यांना कारमधलं काय कळतं?"

"मग तू ये," मी म्हटलं, "आणि बाबांना पुलावरून उचल."

तेव्हा तो म्हणाला, "घे."

सोमवारी पैसे दिले आणि मिस्त्रीने गाडी आणून लावली. मंगळवारी सकाळी गाडी आमच्या दारात होती आणि बाबा खाटेवर. चेहरा सुजला होता, दोन शब्दांत एकदा थांबत होते. मी म्हटलं, "चला." ते म्हणाले, "गाडी पाहून झाली आता. मी कायले येऊ?" मला इतका राग आला की वाटलं ओरडावं. पण मी त्यांच्याजवळ खाटेवर बसले आणि जे खरं होतं ते बोलले. "बाबा, मला भीती वाटते. आमगाव ते गोंदिया मी एकटीने कधी गाडी चालवली नाही. तुम्ही नाही आलात तर ही अशीच दारात उभी राहील. आणि तुम्हाला काही झालं तर मी काय करू, ते मला माहीत नाही."

ते कोपरावर रेटून उठून बसले. मग म्हणाले, "चप्पल दे."

रेल्वे फाटकाजवळ मालगाडीसाठी थांबलो, आणि फाटक उघडल्यावर माझी गाडी तीनदा बंद पडली. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न. "गाडी नाही बंद पडून राहिली, तू पाडून राहिली," बाबा म्हणाले. "क्लच हरू सोड." चौथ्यांदा निघाली. नंतर दवाखान्यापर्यंत ती एकदाही कुरकुरली नाही, आणि मी अगदी दारापाशी नेऊन लावली. तिथून वॉर्ड वीस पावलांवर. मी उतरून त्यांच्या बाजूला जाईपर्यंत त्यांनीच दार उघडलं होतं. माझा हात त्यांनी धरला नाही, भिंत धरून गेले.

वॉर्डात सिस्टर रजिस्टर घेऊन बसली होती. बाबांना पाहून उभी राहिली. त्यांना बोलायला श्वास पुरेना, म्हणून ते टेबलाला टेकून थांबले, आणि मग म्हणाले, "माही जागा कोनाले देऊ नोका, सिस्टर. पोरीनं गाडी घेतली."