काचेआडची डबी

ओझेलाबाईंनी काचेच्या कुलूपबंद कपाटाशेजारची घंटी पुन्हा दाबली. "केसांच्या सामानापाशी मदत हवी आहे," असं छतातला यांत्रिक आवाज सगळ्या दुकानाला ओरडून सांगत होता. येत मात्र कुणी नव्हतं.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या या दुकानात गोऱ्या बायकांचे शांपू उघड्या फळीवर. उघडा, हुंगा, परत ठेवा, कुणी हूं की चूं करत नाही. काळ्या माणसांच्या केसांचं तेल-मलम तेवढं कुलपात. जणू सगळी वस्ती रात्रंदिवस तेल चोरायलाच टपलेली!

ओझेलाबाईंना उशीर करून चालणार नव्हतं. त्यांची मैत्रीण व्हर्नेल वारली होती. जन्मभर तिचे केस यांनीच केले, तेव्हा रीतीप्रमाणे शेवटचेही यांनीच करायचे. संध्याकाळी लोक अंत्यदर्शनाला येणार, त्याआधी दुपारचा थोडा वेळ दफनगृहवाल्याने दिला होता. आणि व्हर्नेलने बजावून ठेवलं होतं, "निळ्या झाकणाचंच मलम लाव हं. दुसरं काही चोपडलंस तर पेटीतून उठून बसेन!"

मागच्या खेपेला व्हर्नेल सोबत आली होती. काचेला नाक लावून म्हणाली होती, "बघ गं, आपल्या डोक्याची किंमत! सोनारापेक्षा कडक पहारा." दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. आज काचेत ओझेलाबाईंचा एकटीचा चेहरा दिसत होता. हसू कुठून येणार?

शेवटी चाव्या खुळखुळवत लट्रीस आली. त्यांच्याच वस्तीतली पोर. डबी काढून तिने स्वतःपाशीच धरली.

"मावशी, तुमच्या हातात नाही देता येत. काउंटरवर मीच नेते. नियम आहे."

"तुझी आई काय लावते गं केसांना?"

लट्रीसने मान खाली घातली. "हेच."

स्वतःच्याच डबीमागून ओझेलाबाई मुकाट चालत गेल्या.

दफनगृहाच्या थंड खोलीत त्यांनी झाकण उघडलं. ओळखीचा वास आला आणि डोळे भरून आले. व्हर्नेल नेहमी हातात आरसा धरून बसायची, यांच्या प्रत्येक बोटावर डोळा ठेवायची. "अगं हळू! डोकं आहे, भोपळा नव्हे."

आज सकाळपासून पहिल्यांदाच ओझेलाबाईंच्या हातांवर कुणाची नजर नव्हती. त्यांनी भांग पाडला, मलम लावलं. मग मुद्दामच एक बट जरा जोरात ओढली, आणि वाट बघत उभ्या राहिल्या.